दोन्ही फाइली टीटीएफच, मग मजकूर का मोडला? फोंड्यातल्या एका स्मरणिकेचं प्रकरण

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावातलं मराठी वाचनालय सुवर्णमहोत्सव साजरा करत होतं. कार्यकारिणीने दोन गोष्टी ठरवल्या होत्या. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतले निवडक लेख नव्या अंकात पुन्हा छापायचे, आणि सगळा अंक संकेतस्थळावर असा ठेवायचा की गावाचं, देवळाचं किंवा माणसाचं नाव टाकून शोधता येईल. जुन्या स्मरणिकेची पानं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली होती. सीडी सापडली, ती उघडलीही, आणि ज्या छापखान्यात तो अंक लागला होता तिथे त्या वेळच्या फॉन्टांचं फोल्डरसुद्धा जपून ठेवलेलं निघालं. इतकं सगळं हाताशी असलेली संस्था विरळाच. तरीही काम सुरुवातीलाच अडलं.

पानं लावणाऱ्या मुलीने जुना मजकूर नव्या फाइलीत आणला. त्याला जुना टीटीएफ (फाइलीच्या नावामागे .ttf असलेला) फॉन्ट लावलेला असेपर्यंत मराठी नीट दिसत होतं. मग तिने सगळा मजकूर निवडून नवा युनिकोड फॉन्ट, म्हणजे अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा फॉन्ट, लावला. तोही टीटीएफच. पडद्यावरचं मराठी गेलं आणि रोमन अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, डोक्यावर टोपी असलेले स्वर अशी सरमिसळ उरली. वाचनालयाचे कार्यवाह तिथेच बसले होते. त्यांनी मला फोन लावला.

"अहो, जुनी फाइल टीटीएफ, नवी पण टीटीएफ. मग अक्षरं बदलायचं कारण काय? फाइल खराब झालीय का?"

"दोन्ही फाइली ठणठणीत आहेत, काका. त्या मुलीला सांगा, काही सेव्ह करू नकोस. मी येतो."

हाच प्रश्न मराठी छापखान्यांत, शाळांत, देवस्थानांच्या कचेऱ्यांत पुन्हा पुन्हा पडतो. आणि तो न सुटल्यामुळे जुना मजकूर टाकून देऊन सगळं नव्याने टाइप करायला घेतलेलं मी पाहिलं आहे. ते पाहून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मजकूर वाचवता येतो. म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहितोय.

"फॉन्टचा फॉरमॅट कोणता?" या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. अक्षरांच्या बाह्यरेषा कोणत्या गणिताने नोंदवल्या आहेत? त्या कोणत्या वेष्टनात बांधल्या आहेत? आणि कोणत्या क्रमांकावर कोणता आकार बसवला आहे, जोडाक्षरं घडवायचे नियम आत आहेत की नाहीत? फाइलीच्या नावामागे लागणारं टीटीएफ किंवा ओटीएफ हे शेपूट पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देतं, तेही अर्धवट. वाचनालयाचं काम तिसऱ्या प्रश्नावर अडलं होतं.

फोल्डरमध्ये काय होतं

फाइलीच्या शेपटावर विसंबण्याऐवजी मी प्रत्येक फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या साधनात, उघडून तिचे पहिले चार बाइट बघतो. ही सवय कुणालाही लावून घेता येईल, त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही.

अंगच्या मजकुराचा जुना फॉन्ट ००, ०१, ००, ०० असा सुरू होत होता. ही ट्रूटाइपची खूण. ट्रूटाइप ॲपलने घडवला. १९९१ मध्ये तो मॅकच्या सिस्टम ७ बरोबर आला आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर पीसीवर. यातल्या वक्ररेषा द्विघाती असतात.

शीर्षकाच्या फॉन्टच्या दोन फाइली होत्या, एक पीएफबी आणि एक पीएफएम. हा पोस्टस्क्रिप्ट टाइप १, अॅडोबीचा, १९८४ चा. त्याचं तपशीलपत्रक १९९० मध्ये खुलं झालं. पीएफबीत आकार असतात, पीएफएममध्ये रुंदी आणि दोन अक्षरांमधलं अंतर. दोन्हींपैकी एक हरवली तर विंडोजवर दुसरीचा उपयोग नाही. यातल्या वक्ररेषा त्रिघाती, म्हणजे प्रत्येक वळणाला दिशा देणारे बिंदू एकाऐवजी दोन.

तिसरी फाइल नवी होती, तिच्या सुरुवातीला ओ, टी, टी, ओ अशी चार रोमन अक्षरं. हे ओपनटाइप, आणि आतल्या रेषा टाइप १ च्या वंशातल्या, सीएफएफ नावाच्या टेबलात बसवलेल्या. चौथी फाइल वाचनालयाच्या एका उत्साही तरुणाने कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेतली होती, ती डब्ल्यू, ओ, एफ, २ ने सुरू होत होती. ती संगणकावर इन्स्टॉल होईना म्हणून तोही खट्टू झाला होता. ती वॉफ २ होती, ब्राउझरसाठी दाबून बांधलेली. तिच्याकडे नंतर येतो.

आणि पाचवी, जी लावल्यावर मजकूर मोडला ती नवी युनिकोड टीटीएफ. तिचे पहिले चार बाइट? ००, ०१, ००, ००. जुन्या फॉन्टसारखेच, तंतोतंत.

कार्यवाहांच्या गोंधळाचं मूळ हे आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अॅडोबी यांनी ओपनटाइप जाहीर केला तेव्हा ट्रूटाइपचंच वेष्टन पुढे चालवलं. आत सीएफएफ रेषा असतील तर शेपूट ओटीएफ, ट्रूटाइपच्या रेषा असतील तर बहुधा टीटीएफच. त्यामुळे १९९५ चा साधा ट्रूटाइप आणि आजचा, जोडाक्षरांचे सगळे नियम बाळगणारा ओपनटाइप या दोघांची नावं आणि पहिले बाइट सारखे दिसतात. खरा फरक आतल्या टेबलांत. जुन्या फाइलीत आकारांचं, रुंदीचं, नावाचं टेबल होतं आणि सीमॅप नावाचं क्रमांकांचं टेबल होतं. नव्या फाइलीत यांखेरीज जीसब, जीपॉस आणि जीडेफ ही तीन होती. देवनागरीचा जीव जीसबमध्ये, म्हणजे आकारांची अदलाबदल सांगणाऱ्या नियमांच्या टेबलात, असतो.

दोनशे छप्पन्न खणांत देवनागरी

जुन्या फॉन्टचं सीमॅप उघडून कार्यवाहांना दाखवलं. रोमन 'डी'च्या क्रमांकावर देवनागरीचा एक तुकडा, अधिकच्या चिन्हावर दुसरा, आणि आघातचिन्हांच्या युरोपीय अक्षरांसाठी ठेवलेल्या वरच्या क्रमांकांवर अर्धी अक्षरं, रफार, अनुस्वारासकट रफार. ते हातजुळणीच्या काळातले गृहस्थ, त्यांना छपाईच्या खिळ्यांच्या केसची, म्हणजे खणांच्या पेटीची, उपमा लगेच पटली: खणावर चिठ्ठी इंग्रजीची, आत खिळा मराठीचा. संगणक मात्र चिठ्ठीच वाचतो. मजकुरात साठवलेले होते ते चिठ्ठ्यांचे क्रमांक. फॉन्ट बदलला की त्या चिठ्ठ्यांवर जे लिहिलंय ते दिसणार, आणि तेच दिसलं.

हे त्या काळच्या कारागिरांनी नाइलाजाने केलं होतं, आणि मोठ्या कौशल्याने केलं होतं. आठ बिटांच्या पद्धतीत एकूण २५६ क्रमांक, त्यातले पहिले ३२ नियंत्रणासाठी राखलेले. उरलेल्या जागेत पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, ऱ्हस्वदीर्घ मात्रा, रफाराचे प्रकार, अंक, विरामचिन्हं असं सगळं कोंबायचं होतं. मग काहींनी अर्धा ग आणि पुढे काना जोडून पूर्ण ग केला. कुणी हेच वेगळ्या क्रमांकांवर केलं. १९९१ मध्ये इस्की हे अक्षरांच्या क्रमांकांचं भारतीय मानक आलं होतं, पण फॉन्टांच्या आतली मांडणी प्रत्येक कंपनीची आपापलीच राहिली. म्हणून एका कंपनीच्या जुन्या फॉन्टवरून दुसऱ्या कंपनीच्या जुन्या फॉन्टवर जातानासुद्धा मजकूर मोडतो.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य कप्प्याला १२८ जागा आहेत. जुन्या पद्धतीपेक्षा निम्म्या! तरी त्या पुरतात, कारण अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं तिथे साठवलीच जात नाहीत. साठवला जातो तो उच्चाराचा क्रम, आणि आकार घडवायचं काम जीसबमधले नियम करतात. 'आर्थिक' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्याचा क्रम असा: आ, र, हलन्त, थ, ऱ्हस्व इकार, क. पानावर दिसताना इकार थच्या आधी येतो आणि र थच्या डोक्यावर चढतो. ही हलवाहलव अक्षरं मांडणारं इंजिन फॉन्टमधल्या नियमांच्या मदतीने करतं. जुन्या फाइलीत मात्र शब्द दिसतो तसाच टाइप केलेला: आ, मग इकार, मग थ, मग रफार, मग क.

म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर क्रमांकाला क्रमांक लावून भागत नाही. इकार उचलून थच्या मागे, म्हणजे नंतर, न्यायचा, रफार उचलून थच्या पुढे, म्हणजे आधी, आणायचा. 'स्थिती'सारख्या शब्दात इकाराला एक अक्षर ओलांडून चालत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. त्या जुन्या फॉन्टसाठी मी जी बदलसारणी केली तिच्यात क्रमांकांच्या जोड्या पटकन झाल्या. वेळ गेला तो या हलवाहलवीच्या नियमांत.

सेदिल आणि तिल्द

इथे गोव्याचं म्हणून एक वेगळंच वळण लागलं. जुन्या अंकात गावच्या कोमुनिदादीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेवर, एक सुंदर लेख होता. लेखकाने पोर्तुगीज कागदपत्रांतली नावं रोमन लिपीत, मूळ वर्तनीसह दिली होती. त्यात खाली शेपूट असलेला सी, म्हणजे सी-सेदिल, आणि वर लाट असलेला ए, म्हणजे ए-तिल्द, जागोजागी होते. या दोन अक्षरांचे क्रमांक २३१ आणि २२७. त्याच दोन क्रमांकांवर आपल्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे बसले होते.

पेजमेकरच्या पानावर अडचण नव्हती, कारण तेवढ्या शब्दांना रोमन फॉन्ट लावलेला होता. पण मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत काढला की फॉन्टचं नाव गळून पडतं आणि २३१ हा पोर्तुगीज सी आहे की मराठीचा तुकडा हे कळायला कुठलाही मार्ग उरत नाही. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी प्रकाशनावर काम करणाऱ्याला माझं हे कळकळीचं सांगणं आहे: मजकूर बाहेर काढताना तो फॉन्टच्या नावासकट काढा, आरटीएफमध्ये (फॉन्टची नोंद ठेवणाऱ्या फाइलप्रकारात) किंवा टॅग लावून. बदलसारणी फक्त जुन्या मराठी फॉन्टच्या तुकड्यांवर चालवा. एकदा साधा मजकूर केला आणि मूळ फाइल गेली, तर ती नावं पुन्हा हाती लागणार नाहीत. छापील प्रत वाळवीने खाल्लेली असेल तर मुळीच नाहीत.

देणगीदारांच्या यादीत आणखी एक गोष्ट निघाली. वकिलांच्या नावांमागचं 'ॲड.' दोन प्रकारे साठवलं जातं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र जोडून 'अॅ' करत, आणि अजूनही करतात. दिसायला एकच, पण एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे पहिलं रूप ठेवलं.

नवा फॉन्ट आणि तरीही तुटलेली जोडाक्षरं

मजकूर युनिकोडमध्ये आला, अंगच्या मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट निवडला. मराठी वळणाचा ल आणि श त्यात मूळचाच आहे, आणि छापील पानावर तो डोळ्यांना त्रास देत नाही. त्याला ठळक वजन नाही, म्हणून उपशीर्षकांना 'मुक्त' नावाचा फॉन्ट. दोन्ही खुल्या परवान्याचे, त्यामुळे छपाई, पीडीएफ, संकेतस्थळ कुठेच अडकाठी नाही.

पानं इनडिझाइन या पानं लावायच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली तर 'वाङ्मय' आणि 'प्रसिद्ध' हलन्ताचे पाय मोडून उभे! मुलीने पुन्हा फॉन्टवर संशय घेतला. फॉन्ट निर्दोष होता. नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते पाळणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरं मांडायचा पर्याय निवडला नाही, तर ओपनटाइपचे देवनागरी नियम पडून राहतात. तो निवडला, परिच्छेदशैलीतच बसवला, जोडाक्षरं जुळली. पेजमेकरमध्ये हे शक्यच नव्हतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड ठाऊक नव्हतं. छापखान्याने तो संगणक जुन्या फाइली उघडण्यापुरता ठेवला आहे, आणि ते योग्यच.

कुठलाही देवनागरी फॉन्ट हाती आला की मी एक ओळ लावून बघतो: दर्या, दऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, श्री, ज्ञान, ब्रह्म, कर्त्री, राष्ट्र, रूप. त्यातल्या दर्या आणि दऱ्या या जोडीत अनेक फॉन्ट पडतात. पहिल्यात साधा र आणि रफार, दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि त्याचं आडवं अर्धं रूप. हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या फॉन्टात ते रूप कधी नसतंच.

टाइप १ चं शीर्षक

मुखपृष्ठावरचं वाचनालयाचं नाव पंचवीस वर्षांपूर्वीच्याच वळणात हवं होतं, आणि तो फॉन्ट टाइप १. अॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप १ चा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. फॉन्ट मेन्यूत दिसेचना. आधी बनवलेल्या पीडीएफमध्ये रुतवलेला टाइप १ मात्र आजही दिसतो आणि छापला जातो.

रेषांचं गणित कामाला येतं ते इथे. टाइप १ आणि सीएफएफ दोन्ही त्रिघाती, त्यामुळे टाइप १ चा ओटीएफ करताना वळणं जशीच्या तशी जातात. त्याचा टीटीएफ केला तर त्रिघाती वळण द्विघाती तुकड्यांत अदमासाने बसवावं लागतं. उलट दिशेने, द्विघातीचं त्रिघाती, गणितात अचूक होतं. छपाईच्या प्लेटवर हा फरक डोळ्याला दिसणं कठीण. पण तांत्रिकदृष्ट्या करता येतं म्हणून करावं असं नाही. त्या फॉन्टचा परवाना कुणाकडे सापडला नाही आणि रूपांतराची मुभा आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. जुन्या पीडीएफमधून फक्त तेवढ्या नावाच्या बाह्यरेषा चित्र म्हणून घेतल्या. मुखपृष्ठाला फॉन्टची गरजच उरली नाही.

बारीक अक्षरांच्या हिंटिंगचा प्रश्नही निघाला. ट्रूटाइपमध्ये प्रत्येक आकाराबरोबर पिक्सेल कसे बसवायचे याच्या आज्ञा असतात, सीएफएफमध्ये नुसत्या खांबांच्या आणि पट्ट्यांच्या नोंदी. जुन्या पडद्यांवर आज्ञा चुकल्या की शिरोरेखा एका अक्षराला जाड, दुसऱ्याला बारीक दिसे. छपाईची प्लेट तयार करणाऱ्या प्लेटसेटरवर याला अर्थ नाही, म्हणून आम्ही तिथे थांबलो नाही.

संकेतस्थळावर

आता त्या तरुणाची वॉफ २ फाइल. वॉफ हा वेगळ्या रेषांचा किंवा वेगळ्या क्रमांकांचा फॉन्ट नाही. तेच ओपनटाइप, तीच टेबलं, दाबून बांधलेली. पहिला वॉफ २०१२ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) शिफारस झाला, वॉफ २ हा २०१८ मध्ये. दुसऱ्यात ब्रॉटली नावाची दाबण्याची रीत आहे आणि फाइल बरीच लहान होते. गावातल्या मोबाइलच्या नेटवर तो फरक लगेच जाणवतो.

त्याने ती आणखी लहान करण्यासाठी देवनागरीचे १२८ क्रमांक ठेवून बाकी सगळं छाटलं होतं. छाटणाऱ्या साधनाने क्रमांक नसलेले आकारही काढून टाकले, म्हणजे नेमकी अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं, ज्यांना स्वतःचा क्रमांक नसतोच. पुन्हा हलन्तांची रांग. छाटताना जीसब ज्या आकारांपर्यंत पोचतं ते सगळे राखायचे, जोडणारा आणि तोडणारा असे दोन अदृश्य क्रमांक राखायचे, आणि आमच्या बाबतीत सी-सेदिल, ए-तिल्दसाठी लॅटिन विभागही राखायचा. असं केल्यावरही फाइल मूळच्या निम्म्याच्या आसपास आली. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली, म्हणजे ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात ते आपलं वळण निवडतात. कोंकणी लेखाच्या पानावर कोंकणीची नोंद.

छापील अंकाचा पीडीएफही तिथे आहे, पण शोध त्याच्यावर सोपवला नाही. युनिकोड फॉन्टने केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी मजकूर नक्कल करताना मात्रा इकडच्या तिकडे होतात, कारण पीडीएफ पानावरचे आकार साठवतो. शोधासाठी लेख साध्या वेबपानांवर वेगळे ठेवले.

शेवटचं काम माणसांनीच केलं. गावातल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी बदललेला मजकूर छापील प्रतीशी ताडून वाचला. सगळ्यांत जास्त चुका एकाच जातीच्या निघाल्या: 'दुस-या', 'पाय-या', 'सा-या'. जुन्या टाइपिस्टने आडवा र मिळेना म्हणून तिथे संयोगचिन्ह टाकलं होतं, छापात ते खपून गेलं होतं. सगळी '-या' एकदम बदलायची सोय नव्हती, कारण लेखांत 'गोवा-यात्रा'ही होती. बाईंनी प्रत्येक जागा पेन्सिलने खूण करून दिली, मुलीने एकेक दुरुस्त केली. जुनी सीडी, जुने फॉन्ट, बदलसारणी आणि युनिकोड मजकूर अशा चारही गोष्टी आता वाचनालयाच्या दोन वेगळ्या डिस्कवर आहेत. परवाना न सापडलेला टाइप १ त्यात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आहे, आणि तो संकेतस्थळावर चढवू नये अशी नोंद कार्यवाहांनी स्वतः लिहून सोबत ठेवली आहे.